मुंबई–न्यूयॉर्क विमानप्रवास ६ तासांचा दाखवल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय: तिकिटावर प्रवासाचा वेळ चुकीचा छापल्याबद्दल

महोदय,

मी दारव्हा तालुक्यातल्या (जि. यवतमाळ) एका खेड्यात राहतो. जानेवारीत माझे आईबाबा धाकट्या बहिणीकडे न्यूयॉर्कला गेले. नागपूर–मुंबई आणि पुढे मुंबई–न्यूयॉर्क, अशी जाण्यायेण्याची तिकिटं तुमच्या वेबसाइटवरून काढली. मुंबईहून रात्री १.३० ला निघणार, सकाळी ७.३० ला पोहोचणार आणि खाली ठळक अक्षरांत ‘प्रवासाचा वेळ: ६ तास’. प्रिंट सोबत जोडली आहे.

हे सहा तास साफ चुकीचे आहेत. निघायची वेळ मुंबईची आणि पोहोचायची न्यूयॉर्कची. हिवाळ्यात तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असतं, उन्हाळ्यात साडेनऊ. तो फरक मिळवला की साडेसोळा तास होतात. तुमच्याच पानावर अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर दिलंय. ते सहा तासांत कापायचं तर विमानाला ताशी दोन हजार किलोमीटरच्या वर वेग लागेल. प्रवासी विमानं ताशी ९०० च्या आसपास उडतात. परतीच्या तिकिटावर तर याच अंतराला २५ तास लावलेत, कारण तिथे साडेदहा तास वजा करायचे राहिले. खरा वेळ साडेचौदा तास. येताना पश्चिमेकडून वाहणारे वरचे जोरदार वारे पाठीशी असतात, म्हणून जाण्यापेक्षा येणं लवकर होतं. जाताना सहा आणि येताना पंचवीस, हे तुमच्याकडे कुणालाच खटकलं नाही?

फोन केला तर उत्तर मिळालं, ‘सर, वेळा स्थानिक असतात.’ निघण्या-पोहोचण्याची वेळ त्या त्या शहराची लिहितात, ते बरोबरच आहे. पण विमानात घालवायचे तास काही मुंबईचे वेगळे आणि न्यूयॉर्कचे वेगळे नसतात. ते बसणाऱ्याला काढावे लागतात.

आईला शुगर आहे, दोन्ही वेळच्या जेवणाआधी गोळी लागते. सहा तासांचाच प्रवास म्हणून तिने पर्समध्ये एकच गोळी ठेवली, बाकीची पाकिटं मोठ्या बॅगेत गेली. भाकर-भाजीचा डबा मुंबईच्या विमानतळावरच संपला होता. विमानात दुसरं जेवण आलं तेव्हा गोळी नव्हती, म्हणून तिने ताट तसंच परत केलं आणि न्यूयॉर्क येईपर्यंत उपाशी बसली. शुगरच्या माणसाने इतका वेळ उपाशी राहणं किती धोक्याचं असतं, हे मी तुम्हाला सांगायला नको. बाबा खिडकीपाशी अडकून पडले, शेजारच्याला उठवायचा संकोच. उतरताना पाय इतके सुजले होते की बूट चढेना. साडेसोळा तास माहीत असते तर आम्ही जास्तीचे पैसे भरून वाटेकडच्या सीट घेतल्या असत्या.

आईबाबांचं परतीचं विमान फेब्रुवारीअखेर आहे. त्या तिकिटावर दोघांनाही वाटेकडच्या सीट जादा पैसे न घेता द्याव्यात, आणि चारही तिकिटांवर घेतलेलं सेवाशुल्क परत करावं. त्याआधी वेबसाइटवरचा हिशेब दुरुस्त करा. आमच्या गावातली आणखी काही म्हातारी माणसं उन्हाळ्यात लेकरांकडे जाणार आहेत, तीही तुमचंच पान पाहून औषधं बांधतील.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

आपला,
एक ग्राहक
ता. दारव्हा, जि. यवतमाळ

सोबत: जाण्यायेण्याच्या तिकिटांच्या प्रती