टोपण

लातूर,
रविवार, रात्री

प्रिय शैला,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलंस, "आवाज असा का गं?" आणि मी विषय बदलला. नर्सिंग स्टेशनवरून बोलत होते, कान टवकारलेलेच होते सगळ्यांचे. आता लिहिते.

नाइट होती, मेल वॉर्ड, एकवीस पेशंट आणि मी एकटी. अँटिबायोटिक दिलं आणि सवयीने टोपण परत लावायला गेले. सुई कडेवरून घसरली ती थेट डाव्या तर्जनीत. ग्लोव्हजच्या आत रक्ताचा ठिपका पसरताना बघत उभी राहिले. टोपण लावू नका, हेच तर पहिल्या वर्षी शिकवलं होतं ना आपल्याला! पण हब कटर, म्हणजे सुई कापायचं यंत्र, स्टेशनवर आणि पेशंट वीस पावलांवर, मग उघडी सुई हातात घेऊन कोण चालणार? खोड लागली ती अशी.

बोट पिळलं नाही, चोखलं नाही, साबण-पाण्याने धुतलं. पेशंटचं रक्त तपासायला पाठवलं. रिपोर्ट येईपर्यंत डोक्यात तोंडी परीक्षेला घोकलेले, अशा सुईने लागण होण्याचे आकडे: लस न घेतलेल्याला हिपॅटायटिस बी शंभरात 30 पर्यंत, सी साधारण 3, एचआयव्ही हजारात 3. आणि तेव्हा आठवलं, माझे हिपॅटायटिस बी लसीचे तीन डोस झालेत, पण टायटर, म्हणजे लस लागू पडली का ते बघायची रक्ततपासणी, कधी केलाच नाही. सगळं निगेटिव्ह आलं, टायटरही 10 च्या, म्हणजे संरक्षण मिळाल्याच्या आकड्याच्या, बराच वर निघाला. पण तो दीड तास मी विसरणार नाही.

आता हब कटर आणि सुयांचा पांढरा डबा ट्रॉलीवरच असतो. एवढंच करायचं होतं बघ.

मग बाकीचंही डोळ्यांवर यायला लागलं. ती स्टीलची डबी आठवते, स्पिरीटमध्ये भिजवलेल्या कापसाची? प्रत्येकीची बोटं तिच्यात. जागतिक आरोग्य संघटनेने 2010 मध्येच सांगितलंय, असा भिजवून ठेवलेला कापूस वापरू नका. त्यातच जंतू वाढतात. कोरडा बोळा, त्यावर ऐनवेळी स्पिरीट, आणि जागा वाळेपर्यंत थांबायचं. इन्चार्ज म्हणाल्या, "पंचवीस वर्षं हीच डबी आहे, कोण मेलं?" मी वाद घातला नाही. शेजारी कोरड्या बोळ्यांचा डबा ठेवला. महिन्याने त्याही त्यातूनच घ्यायला लागल्या.

कमरेच्या इंजेक्शनचा मात्र मला राग येतो. "चार भाग करा, वरचा बाहेरचा कोपरा", घोकून घोकून पाठ केलं. जरा खाली सरकलं की पायाची मोठी नस, सायटिक नर्व्ह! आता मी व्हेंट्रोग्लुटियलला, म्हणजे कमरेच्या बाजूला, देते. तळहात मांडीच्या हाडाच्या उंचवट्यावर, तर्जनी पुढच्या हाडाच्या टोकाकडे, मधलं बोट मागे फाकवायचं, दोन बोटांच्या मधे सुई. तिथे मोठी नस नाही, चरबीही कमी. पेशंट सवयीने पालथे होऊन नाडी सोडून तयार. "आजोबा, कुशीवर वळा" म्हटलं की, "सिस्टर, नवीन दिसता!"

आणि आमच्या सफाईच्या मावशी. कचऱ्याच्या लाल पिशवीतल्या सुईने त्यांना दोनदा टोचलंय, कुणाला बोलल्याच नाहीत. हिपॅटायटिस बी लसीचा एकही डोस नव्हता. मंगळवारी पहिला दिला. दंडावर सुई टेकायच्या आधीच माझा एप्रन घट्ट धरला त्यांनी. पुढचा महिन्याने.

तू टायटर केलायस का? नसेल तर या आठवड्यात कर आणि आकडा कळव.

तुझी,
मंगल