दाराची काच बसवायला शिकवणाऱ्या अनामिकांचे आभार

गाडीच्या दाराची फुटलेली काच घरीच बदलण्याची रीत ज्या मेकॅनिकांनी आणि गाडीवाल्यांनी हातचं न राखता सांगितली, त्या सर्वांचे मनापासून आभार. डोअर ट्रिम, म्हणजे दाराचं आतलं आवरण, ओढण्याआधी हँडलमागचे लपलेले स्क्रू काढा, नाहीतर क्लिपा तुटतात. दाराच्या तळातले काचेचे तुकडे व्हॅक्यूमने काढा. त्यांनी पाणी निघून जायची भोकं बुजली की पत्रा गंजतो.

सर्वांत मोलाची सूचना बोल्टांची: रेग्युलेटरचे (काच वर-खाली करणाऱ्या यंत्रणेचे) बोल्ट आधी हातानेच लावायचे, काच वर-खाली फिरवून रबरी खाचेत सरळ चालली की मगच आवळायचे, तेही बेताने. टफन (तापवून कडक केलेली) काच बोल्टाच्या भोकापाशी जास्त दाबली गेली, तर क्षणात चुरा होते.

ट्रिमच्या आतला प्लास्टिकचा पडदा ब्युटाइल टेपने (पाणी अडवणाऱ्या चिकट पट्टीने) पुन्हा चिकटवा, असं बजावणाऱ्यांचे विशेष आभार. तो सुटला तर पावसाळ्यात पाणी थेट पायाशी येतं.