मशेरीच्या डबीबद्दल आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय, सप्रेम नमस्कार.

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझा दातांचा दवाखाना आहे. बाजाराच्या दिवशी वाड्यावस्त्यांवरून बायका येतात आणि बहुतेकींची तक्रार एकच असते. "डॉक्टर, दात हलतोय, काढून टाका." तोंड उघडलं की खालच्या पुढच्या दातांनी हिरडी सोडलेली दिसते. मुळं उघडी पडलेली असतात आणि आतल्या बाजूला काळं, टणक किटण बसलेलं असतं. कितीतरी जणी चाळिशीच्याही आतल्या. "मशेरी लावता का?" (मशेरी म्हणजे भाजून चुरलेली तंबाखू, ती दात-हिरड्यांना चोळतात) असं विचारलं तर लपवालपवी नसते. "लावते की. सकाळी, दुपारी भाकरी खाल्ल्यावर, आणि निजताना. त्याशिवाय परसाकडलाच होत नाही."

तंबाखू घातलेल्या पेस्ट आणि दंतमंजनांवर केंद्र सरकारनं १९९२ मध्येच बंदी घातली. आपल्या राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे. पण घरच्या तव्यावर तंबाखू भाजून, चुरून डबीत भरली तर कोणता निरीक्षक कुणाच्या चुलीपाशी जाणार? जाऊही नये. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के निघाले, तर खाण्या-चोळण्याची तंबाखू वापरणारे २४.४ टक्के. दवाखान्यांच्या भिंतींवर चित्रं मात्र अजून सिगारेटची.

मशेरीची खोड अशी की ती दुखणं झाकते. हिरडीला सूज आली की ब्रश करताना रक्त येतं, आणि ही सूचना वेळेवर मिळते. दातांवरचा चिकट थर रोज निघाला नाही तर काही दिवसांतच त्याचं किटण होतं. त्याच्या कडेनं हिरडी सुजते. इथपर्यंत सगळं भरून येऊ शकतं. पुढं दाताभोवतीचं हाड झिजू लागलं, की गेलेलं हाड सहसा परत येत नाही. तंबाखूतल्या निकोटिननं हिरडीतल्या रक्तवाहिन्या आवळतात, त्यामुळं रक्त कमी येतं आणि बाईला वाटतं, मशेरीनं हिरड्या घट्ट झाल्या. आत हाड झिजतच असतं. मधुमेह असला तर आणखी वेगानं. शिवाय हिरड्यांच्या दुखण्यानं साखरही आटोक्यात राहत नाही.

ज्यांच्या घरी ब्रश आहे त्यांचीही एक गंमत सांगतो. रक्त आलं की लोक नेमकी तीच जागा ब्रश करायचं सोडून देतात. खरं तर तिथंच मऊ ब्रश तिरका धरून, हिरडीच्या कडेला हलक्या हातानं फिरवायचा असतो. दोन मिनिटं सकाळी, दोन मिनिटं रात्री. रात्रीचं जास्त महत्त्वाचं. ब्रश-पेस्टवरचा जीएसटी २०२५ मध्ये १८ वरून ५ टक्क्यांवर आला, त्यामुळं अडचण पैशांपेक्षा जास्त, हातात धरून दाखवणाऱ्या माणसाची आहे.

तो माणूस आपल्याकडं आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला सुरक्षित मातृत्व अभियानात गरोदर बाया तपासणीला येतात. गरोदरपणात हिरड्या तशाच हुळहुळ्या होतात, पटकन रक्त येतं. त्या दिवशी वजन, बीपी, हिमोग्लोबिन होतं, तसं बॅटरी लावून तोंडात एकदा बघायला किती वेळ लागतो? सिस्टरनं मशेरीबद्दल नाव घेऊन विचारावं. नुसतं "तंबाखू खाता का?" विचारलं तर "नाही" असं उत्तर येतं, कारण ती खात नाही, दाताला लावते. आशाताईंच्या तिशीपुढच्या तपासणीतही हाच प्रश्न हवा. मशेरी सोडली की पहिले काही दिवस डोकं दुखतं, चिडचिड होते, पोट साफ होत नाही. हे आधी सांगून ठेवलं नाही तर बाई चौथ्या दिवशी पुन्हा डबी उघडते.

दुसरी गोष्ट किटणाची. ते ब्रशनं निघत नाही, मशीननंच काढावं लागतं. आमच्या भागातल्या एका सरकारी रुग्णालयात दातांची खुर्ची आहे, पण मशीन चालवणारा कॉम्प्रेसर बंद, म्हणून तिथं फक्त दात उपटले जातात. "दात साफ केले की हलायला लागतात" ही समजूत गावोगाव पक्की आहे. हाड आधीच गेलेलं असतं आणि दात किटणाच्या आधारानं उभा असतो, हे पटवायला वेळ द्यावा लागतो. दंत आरोग्यक, म्हणजे डेंटल हायजिनिस्ट, नेमका याच कामासाठी शिकलेला असतो. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात असं एक पद भरावं, ही माझी मागणी आहे.

पद भरेपर्यंत मी महिन्यातून एक दिवस सरकारी खुर्चीवर फुकट काम करायला तयार आहे. तालुक्यातले इतर दंतवैद्यही विचारलं तर येतील असं वाटतं. कॉम्प्रेसरची दुरुस्ती आणि नळाला पाणी, एवढं आपल्या खात्यानं बघावं.

आपला,
तालुक्याच्या गावचा एक दंतवैद्य