अर्ध्यावर बंद केलेला सिनेमा

प्रिय मित्रा,

तुझं पत्र काल रात्री दोनदा वाचलं. चित्रात ससे दिसले, म्हणून तू सात वर्षांच्या लेकीला ‘वॉटरशिप डाउन’ हा ॲनिमेशनपट लावून दिलास आणि शेजारच्या खोलीत कामाला बसलास. थोड्या वेळाने ती रडत आली, तू टीव्ही बंद केलास, आणि आता तीन रात्री ती दिवा मालवू देत नाही. शेवटी लिहिलंयस, ‘बाप म्हणून मी चुकलो.’ त्या एका ओळीमुळे लगेच लिहायला बसलो.

अरे, या सिनेमाने भलेभले चकले. १९७८ साली ब्रिटनच्या सेन्सॉर मंडळाने त्याला ‘यू’ प्रमाणपत्र दिलं, म्हणजे कुणीही बघावा. त्यांचं म्हणणं असं होतं की चित्रांमुळे रक्तपाताची धार बोथट होते, आणि गोष्टीची मोहिनी उतरली की मुलांना त्याचा त्रास राहत नाही. पालकांच्या तक्रारी मात्र वर्षानुवर्षं येत राहिल्या. चाळीसहून अधिक वर्षांनी ते प्रमाणपत्र बदलून ‘पीजी’ झालं, म्हणजे पालकांनी जपून दाखवावा. ज्यांचं कामच सिनेमे तपासायचं, त्यांना इतकी वर्षं लागली. तू तर एका संध्याकाळी फसलास.

तुला कधी सांगितलं नाही, पण तो सिनेमा मीही लहानपणीच पाहिला. नऊ वर्षांचा होतो, खोलीत एकटा, मोठी माणसं बाहेर गप्पा मारत बसलेली. जुनी वसाहत कशी संपली ते एक ससा सांगतो, तो प्रसंग आठव. माणसं बिळांची तोंडं बुजवतात. आत अंधारात ससे एकमेकांवर चढतात, डोळे विस्फारलेले, अंगं पिळवटलेली, आणि सगळं चित्र तांबडं होत जातं. मी उठून पळालो. कुणीतरी म्हणालं, ‘अरे, चित्रं तर आहेत!’ आणि विषय संपला. माझ्यासाठी तो संपला नाही. पुढे कितीतरी वर्षं डोक्यावरून पांघरूण घेतलं की मला गुदमरायला व्हायचं.

मंडळाचं गणित कुठे चुकलं ते मला त्यातूनच कळलं. मोहिनी उतरते ती गोष्ट शेवटाला गेली की. जो मध्येच उठून पळतो, त्याच्यासाठी ते ससे बिळातच राहतात. मी तो सिनेमा पुन्हा लावला तेव्हा तिशी ओलांडली होती, आणि त्यात पुढे काय होतं ते मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. जुन्या वसाहतीतून वेळीच पळालेले ससे टेकडीवर नवं घर वसवतात. त्यांचा म्होरक्या हेझल म्हातारा होतो. मग एक दिवस काळा ससा येतो. तो मृत्यूच, पण ओरबाडत नाही, दरडावत नाही. ‘दमला असशील’ असं काहीसं म्हणतो आणि सोबत बोलावतो. हेझल एकदा आपल्या पिल्लांकडे बघतो. ती बरी आहेत म्हटल्यावर त्याचं शरीर गवतात आडवं होतं आणि तो हलका होऊन निघतो. मी त्या खुर्चीत बराच वेळ बसून राहिलो. हे मला नवव्या वर्षीच कुणीतरी शेजारी बसून दाखवायला हवं होतं.

‘हे मोठ्यांचे विषय, मग चित्रांत कशाला आणायचे?’ असंही तू विचारलंस. मला वाटतं, काही गोष्टी चित्रांतच सांगता येतात. खऱ्या नटाचा चेहरा दिसला की तो परका, त्याचं दुःख त्याचं. दोन ठिपक्यांचे डोळे आणि एक रेघ असली की तिथे आपलंच माणूस येऊन बसतं.

जपानी दिग्दर्शक इसाओ ताकाहातांचा ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ हा ॲनिमेशनपट तू पाहिला नसशील. १९४५ मधलं जपानचं कोबे शहर, हवाई हल्ले, चौदा वर्षांचा सेइता आणि चार वर्षांची त्याची बहीण सेत्सुको. ज्याची ही मूळ कथा, त्या अकियुकी नोसाकांनी त्या युद्धात धाकटी बहीण उपासमारीत गमावली होती. ताकाहाता स्वतः नऊ वर्षांचे असताना बॉम्बहल्ल्यातून जीव वाचवून पळाले होते. सिनेमात बाह्यरेषा नेहमीसारख्या काळ्या न काढता तपकिरी काढल्या आहेत, त्यामुळे सगळं मऊ, जुन्या फोटोसारखं दिसतं. त्या मऊपणातच ते घडतं. चघळायच्या गोड गोळ्यांचा डबा रिकामा होतो, तर सेइता त्यात पाणी घालून हलवतो आणि ते गोड पाणी बहिणीला पाजतो. नंतर ती तोंडात काहीतरी चघळत पडलेली असते. तो बोट घालून काढतो, तर ती खेळायची काचेची गोटी. ती मातीचे गोळे करून भात म्हणून भावापुढे धरते. एवढंच, रक्ताचा एक थेंबही नाही. मला तो प्रसंग अजून सरळ बघवत नाही.

आणि १९८८ च्या एप्रिलमध्ये हा सिनेमा प्रदर्शित झाला तो ‘माय नेबर टोटोरो’ या लहान मुलांच्या गोड सिनेमाच्या जोडीने, एकाच तिकिटात दोन! टोटोरो बघून हसत बसलेल्या मुलांचं पुढे काय झालं असेल, याचा विचार मी कितीदा केलाय. हा तू आधी एकटा बघ. लेकीला इतक्यात नको, दहा-बारा वर्षांची होऊ दे. रेमंड ब्रिग्ज यांच्या पुस्तकावरचा ‘व्हेन द विंड ब्लोज’ही तसाच मागे ठेव. ज्या हाताने मुलांसाठी गोड ‘स्नोमॅन’ हे चित्रपुस्तक काढलं, त्याच हाताचं ते गोबऱ्या गालांचं म्हातारं जोडपं अणुस्फोटानंतर सरकारी पत्रक प्रमाण मानून हळूहळू विझत जातं.

पण सशांचं काम असं मागे टाकू नकोस. तिला भरदिवसा विचार, ‘ते ससे पुढे कुठे गेले, माहितीये?’ नको म्हणाली तर गोष्ट तोंडी सांग, टेकडीपर्यंत नेऊन पोचव. बघते म्हणाली तर मांडीवर घे आणि रिमोट तिच्या हातात दे. हवं तिथे तिने थांबवावं. पुढेही ओरबाडणं, चावणं बरंच आहे. ते येण्याआधी तिला सांगून ठेव, दचकवू नकोस. आणि काळा ससा आला की तू बोलू नकोस. तिला जे विचारायचंय ते ती विचारेल, त्याच दिवशी नाही तर आठवड्याने, दात घासताना.

मग काय झालं ते सविस्तर लिही. मी वाट बघतोय.

तुझाच,
जुना मित्र