थरथर वेगळी, शेपूट हलणं वेगळं

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात तुमच्याकडे एका वाचकाचं पत्र आलं होतं की बाईकच्या मागे घरी बनवलेला ट्रेलर लावणारे सगळे पोट्टे जप्त करा (गाड्या जप्त करा म्हणायचं असेल, पण छापून तसंच आलं). दोन दिवसांनी दुसऱ्या वाचकाने उत्तर दिलं की ट्रेलरचा काही दोष नाही, नागपूरचे सिमेंट रोडच गाड्या हलवतात. मी हिंगणा एमआयडीसीत २९ वर्षं फिटर होतो, आता रिटायर आहे, आणि असाच एक ट्रेलर यंदा अख्खा उन्हाळा माझ्या अंगणात उघडा पडला होता, त्यामुळे दोघांचंही अर्धं अर्धं कसं बरोबर आहे ते लिहावंसं वाटलं.

ट्रेलर माझ्या भाच्याचा. तो बेसा भागात घरोघरी पाण्याच्या कॅन पोचवतो. बाईक शंभर सीसीची, आणि मागे स्क्वेअर पाइपचा सांगाडा, त्याला भंगारातल्या जुन्या स्कूटरची दहा इंची दोन चाकं, स्प्रिंग वगैरे काही नाही, सरळ ॲक्सल वेल्ड केलेला. मार्च संपता संपता आला आणि म्हणे, मामा, गाडी लय थरथर करून राहिली, पस्तीसच्या पुढे गेलं की हँडल हातात राहात नाही, पण पंचेचाळीसच्या वर नेली की शांत होते, म्हणून मी जोरातच पळवतो.

हे शेवटचं वाक्य ऐकून मला घाम फुटला, का ते पुढे सांगतो.

त्याआधी त्याने काय केलं होतं तर सगळे करतात तेच. सगळे नट आवळले, मग वेल्डिंगवाल्याकडे जाऊन आडवे दोन अँगल लावले, तरी थरथर गेली नाही म्हणून खाली चॅनल लावला. ट्रेलर ३८ किलोचा झाला, थरथर तिथेच. आमच्या वर्कशॉपमध्ये पण नवीन पोरं असंच करायची, मशीन हललं की लोखंड वाढवा. अरे पण हलतंय कशाने ते तर बघ.

मी त्याला फक्त विचारलं की कोणत्या स्पीडला हलते, कोणत्या रोडवर हलते, भरलेली असताना की रिकामी. त्याला एकाचंही उत्तर नीट देता आलं नाही, म्हणून सकाळी सहाला ट्रॅफिक नसताना मी त्याच्या मागे माझी स्कूटर घेऊन निघालो. तेव्हा दिसलं की ही एक तक्रार नाही, तीन वेगवेगळ्या गोष्टी एकात एक गुंतल्या आहेत.

पहिली रोडची. आमच्या समोरच्या सिमेंट रोडचे जोड मी टेप लावून मोजले, साडेचार मीटरवर एक. ताशी ४० ने गेलं तर सेकंदाला ११ मीटर कापले जातात, म्हणजे सेकंदाला अडीच जोड. ती धकधक कंबरेला लागते आणि गाडी डांबरी रोडवर आली की गायब होते. दुसरी चाकाची. त्या टायरचा एक फेरा साधारण १ मीटर ३५ सेंटीमीटरचा, म्हणजे ताशी ४० ला चाक सेकंदाला आठ वेळा फिरतं, आणि चाकात खोट असली तर ती आठही वेळा येते, ती हाताला झिणझिण अशी लागते आणि रोड कोणताही असो, पाठ सोडत नाही. तिसरी गोष्ट म्हणजे ट्रेलरने शेपूट हलवणं, डावीकडे उजवीकडे, सावकाश, सेकंदाला फार तर एकदा. बाईकवर बसलेल्याला ती सुरुवातीला कळतही नाही, मागून मला मात्र स्पष्ट दिसत होती.

तर सिमेंट रोडवाले वाचक पहिल्या गोष्टीपुरते बरोबर आहेत. त्यातही भाच्याने भर घातली होती, टायरमध्ये चाळीसची हवा. स्प्रिंग नसलेल्या ट्रेलरला टायर हीच स्प्रिंग, ते दगडासारखं केलं तर प्रत्येक जोडावर ट्रेलर उड्याच मारणार. पंचवीसवर आणली, ती पण सकाळी टायर थंड असताना भरायची, कारण आपल्याकडे मे मध्ये पारा ४५ च्या वर गेला की दुपारपर्यंत टायरची हवा आपोआप वाढते. धकधक निम्मी झाली, खर्च शून्य.

चाकाचं मात्र दोन दिवस चाललं. ट्रेलर विटांवर चढवला, चाक हाताने फिरवलं आणि टायरच्या बाजूला खडू स्थिर धरला. उजवं चाक छान, डावं पाच मिलीमीटर आऊट. भाचा लगेच रिम ठोकायला निघाला, त्याला म्हटलं थांब बे. खडू रिमवर धरला तर रिम सरळ! खोट टायरच्या बसण्यात होती. टायरला रिमच्या कडेशी गोल रेघ असते, ती सगळीकडे सारख्या अंतरावर दिसायला पाहिजे, इथे एका बाजूला आत दबलेली. पंक्चरवाल्याने हवा काढून साबणाचं पाणी लावून परत भरली, टायर खट्ट करून जागेवर बसलं. मग बेअरिंगचं ग्रीस धुवून चाक मोकळं फिरू दिलं, दरवेळी तीच बाजू खाली येऊन थांबायची म्हणजे ती जड, म्हणून तिच्या बरोबर उलट बाजूला शिशाचं वजन चिकटवलं. त्या निमित्ताने बेअरिंग पण गेलेली सापडली, चाक वर खाली धरून हलवलं तर टकटक करत होतं. नवीन टाकली, ग्रीस भरलं.

ट्रेलर बाईकला जोडणाऱ्या हुकाचं सांगायलाच पाहिजे. १६ एमएमची पिन आणि १८ एमएमचं भोक, गिअर बदलला की खट, ब्रेक मारला की खट. शिवाय पिन उभी असल्याने ट्रेलर डावीउजवीकडे वळायचा पण बाईक झुकली की दांडा पिळायचा. बाईक वळणावर झुकते, दोन चाकी ट्रेलर झुकत नाही, हे कारच्या हुकाची नक्कल करणाऱ्यांच्या लक्षातच येत नाही. रबर बुश टाकून आणि दांड्याला गोल फिरणारा जॉइंट करून ते सोडवलं, वर वेगळी सेफ्टी चेन लावली.

आता त्या पंचेचाळीसच्या वाक्याकडे येतो. चाकाची थरथर एका ठरावीक स्पीडला जोरात येते कारण तिथे सांगाड्याचा स्वतःचा ठेका आणि चाकाचा ठेका जुळतो, पुढे गेलं की ठेका सुटतो आणि हात शांत होतात. पण शेपूट हलणं याच्या बरोबर उलट, जितका स्पीड तितकं जास्त, आणि एका मर्यादेनंतर ते आपोआप थांबत नाही, वाढतच जातं. म्हणजे हा पोट्टा हाताची झिणझिण घालवायला जोरात पळवायचा आणि मागे वीस लिटरच्या कॅन झोके घेत होत्या. जप्त करा म्हणणारे वाचक इथे बरोबर आहेत, ते जे बघून घाबरले ते हेच असणार.

कारण शोधायला घरातला वजनकाटा पुरला. चार कॅन भरून ट्रेलर सपाट उभा केला आणि हुकाचा दांडा विटांच्या थप्पीवर ठेवलेल्या काट्यावर टेकवला. एकूण ११८ किलोपैकी हुकावर फक्त ३. दहा टक्के तरी हुकावर पाहिजे, म्हणजे १२ किलो, पंधरा टक्क्यांच्या फार वर पण नको कारण मग बाईकचं पुढचं चाक हलकं होऊन हँडल तरंगतं. कॅन पुढे सरकवल्या, १४ आले. पण रोज सकाळी ठीक आणि एक दोन घरांनंतर परत हलणं सुरू, हे काही सुटेना, शेवटी माझ्या बायकोने विचारलं की तो कॅन उतरवतो कुठून? पुढून! बाईकवरून उतरला की पुढची हाताशी येते म्हणून. म्हणजे जसजशी घरं होत जायची तसतसं वजन शेपटीकडे. आता मागची आधी उतरवतो.

दोरीने हुकाच्या पिनपासून दोन्ही चाकांच्या हबपर्यंत, म्हणजे चाकाच्या मधल्या भागापर्यंत, अंतर घेतलं तर १८ मिलीमीटरचा फरक निघाला, ॲक्सलच तिरपा वेल्ड झालेला. टायरवर हात फिरवला तर एका बाजूने गुळगुळीत आणि उलट फिरवला तर धारदार लागत होतं, म्हणजे चाक लोळत नव्हतं, घासत जात होतं. ॲक्सल कापून परत लावला आणि ते चॅनल, अँगल सगळं काढून टाकलं, दहा किलो लोखंड गेलं.

कोणाचा ट्रेलर रोडवर शेपूट हलवायला लागलाच तर एक सांगतो, ॲक्सिलरेटर हळूच सोडा, हँडल सरळ धरा, ब्रेक जोरात मारू नका आणि स्पीड वाढवून तर अजिबात निघायला बघू नका.

हे सगळं करूनही तो ट्रेलर मेन रोडवर आणायला मी भाच्याला परवानगी दिलेली नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हा मोटार वाहनातच मोजला आहे, म्हणजे नोंदणी लागते, आणि कलम ५२ प्रमाणे गाडीत मनाने बदल करता येत नाहीत. हे अंगणात दुरुस्त होण्यासारखं नाही. माझं म्हणणं एवढंच की बाईकमागे ट्रेलर चालतो का, चालत असेल तर किती वजनाचा, कसल्या हुकाचा, पासिंग कुठे, याचं एक पान परिवहन खात्याकडून मराठीत मिळवून तुम्ही छापा. नाही असेल तर नाही छापा. तोवर भाचा बाईकवर दोन दोन कॅन बांधून फेऱ्या मारतोय आणि ट्रेलरवर आमच्या घरच्या कुरडया वाळताहेत.

आपला,
एक रिटायर फिटर, मानेवाडा, नागपूर