महामंदी युद्धाने संपवली काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेतील 1929 नंतरची महामंदी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या सरकारी योजनांमुळे हटली नाही, ती दुसऱ्या महायुद्धानेच हटवली, हे विधान लेखांतून आणि भाषणांतून इतक्या सहजपणे केले जाते की ते तपासून पाहण्याची गरजच कोणाला वाटेनाशी झाली आहे. मला ते अर्धवट वाटते आणि युद्धाला अर्थव्यवस्थेवरचे औषध मानण्याचा त्यातून निघणारा अर्थ तर घातक वाटतो.

मार्च 1933 मध्ये रूझवेल्ट सत्तेवर आले तेव्हा दर चार कामकऱ्यांमागे एक जण बेकार होता आणि बँका एकामागून एक बुडत होत्या. त्यांच्या सरकारने ठेवींना विम्याचे संरक्षण दिले, डॉलरची सोन्याशी घातलेली सांगड सैल केली आणि 1935 पासून रस्ते, शाळा, विमानतळ यांच्या बांधकामावर मजूर लावले. 1943 पर्यंत चाललेल्या या एका योजनेतून सुमारे 85 लाख लोकांना काम मिळाले. बेकारी पूर्णपणे हटली नाही हे खरे, पण 1937 पर्यंत ती 14 टक्क्यांच्या आसपास उतरली होती.

या वादाचा खरा निवाडा 1937 मध्येच होतो. मंदी सरली असे समजून सरकारने अर्थसंकल्प समतोल करण्यासाठी खर्चाला कात्री लावली, त्याच सुमारास सामाजिक सुरक्षेचा नवा कर सुरू झाला आणि बँकांना कर्जाऊ न देता राखून ठेवाव्या लागणाऱ्या निधीचे प्रमाण मध्यवर्ती बँकेने दुप्पट केले. परिणामी 1938 मध्ये बेकारी पुन्हा 19 टक्क्यांवर गेली, आणि खर्च वाढवल्यावर ती उतरू लागली. अमेरिका तेव्हा युद्धात नव्हती.

युद्धकाळात, 1944 मध्ये, बेकारी जेमतेम सव्वा टक्का उरली. पण तेव्हा एक कोटीहून अधिक लोक सैन्यात होते, खासगी मोटारींचे उत्पादन 1942 पासून बंद होते आणि साखर, पेट्रोल, टायर शिधापत्रिकेवर मिळत होते. याला भरभराट कशी म्हणावी? लोकांना काम मिळाले ते खर्चाच्या आकारामुळे. शांततेच्या काळात तेवढे कर्ज काढण्याची राजकीय तयारी नव्हती, आणि तोफा-विमानांसाठी मात्र ती एकदम झाली, हे मला त्या काळातले सर्वांत दुःखद सत्य वाटते.

त्याच युद्धाचा खर्च आपल्याकडेही झाला. ब्रिटिश सरकारने भारतात केलेल्या खरेदीचे पैसे लंडनमध्ये स्टर्लिंगच्या, म्हणजे ब्रिटिश पौंडांच्या, रूपात जमा होत राहिले आणि त्यांच्या आधारावर इथे नोटा छापल्या गेल्या. भाव भडकले. बंगालच्या 1943 च्या दुष्काळाची कारणे अनेक असली, तरी लाखो बळी घेणाऱ्या त्या संकटात या महागाईचा वाटा मोठा होता.

आपल्या पत्रात यापुढे महामंदीवर लेखन प्रसिद्ध होईल तेव्हा त्यात 1937 ची ही घसरगुंडी आणि युद्धाचा भारतातील परिणाम या दोन्हींची दखल घेतली जावी, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक वाचक, पुणे