ग्रीक देव वाचू द्या, पण बडोद्याची गोष्टही छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात तुमच्याकडे एका ज्येष्ठ वाचकांचं पत्र आलंय, की मराठी मुलं हल्ली झ्यूस, पोसायडन करत बसतात आणि आपली पुराणं विसरत चाललीत. त्यांची कळकळ कळते, पण म्हणणं अजिबात पटलं नाही म्हणून लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी दांडिया बाजारात रविवारी शाळकरी मुलांचा वाचनकट्टा घेते. त्यातली बरीचशी मुलं पुस्तकाला हात लावायला लागली तीच रिक रायर्डनच्या पर्सी जॅक्सनमुळे, म्हणजे आजच्या अमेरिकेत राहणाऱ्या, ग्रीक देवाच्या मुलाच्या गोष्टींमुळे. पहिलं पुस्तक 2005 चं. रायर्डन शाळेत शिक्षक होते, त्यांच्या मुलाला डिस्लेक्सिया (वाचताना अक्षरं लागत नाहीत) आणि एडीएचडी (लक्ष एका जागी टिकत नाही), त्याला झोपताना ग्रीक पुराणातल्या गोष्टी सांगायचे, त्या संपल्या तेव्हा नवीन रचली ती ही. पर्सीला इंग्रजी अक्षरं हलताना दिसतात कारण त्याचा मेंदू प्राचीन ग्रीक वाचायला घडलाय, असं त्यात आहे. आमच्या कट्ट्यावर एक मुलगा आहे, मोठ्यानं वाच म्हटलं की तो पाणी प्यायला उठायचा, त्यानं हा भाग ओळीखाली बोट ठेवून, अडखळत अडखळत, सगळ्यांसमोर वाचून दाखवला. असं पुस्तक मी तरी कुणाच्या हातून काढून घेणार नाही.

आता मुद्द्याचं. पर्सीच्या गोष्टींची सगळी जादू देवांना आजच्या शहरातला पत्ता देण्यात आहे. देवांचं घर ऑलिंपस कुठे, तर न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगच्या 600 व्या मजल्यावर, खऱ्या बिल्डिंगला मजले 102 च. पाताळाचं दार लॉस एंजेलिसच्या एका रेकॉर्डिंग स्टुडिओत, आणि नजरेनं माणसाचा दगड करणारी मेड्युसा रस्त्याकडेला बागेतले पुतळे विकत बसलेली. हे काही अमेरिकेत सुचलेलं खूळ नाही, ग्रीक लोक स्वतःच असं सांगायचे, त्यांचा वीर हेराक्लिस, त्यानं पाताळातला कुत्रा वर ओढून आणला तो टेनारॉनच्या गुहेतून, आणि ते टोक ग्रीसच्या नकाशावर आजही आहे. आपल्याकडे तरी वेगळं काय? पावागडावर विश्वामित्रांनी तप केलं आणि तिथूनच आपली विश्वामित्री नदी निघते, हे बडोद्यातल्या प्रत्येक आजीला माहीत आहे. स्थळमाहात्म्य ते हेच ना. पण ते आपण गडावर आणि देवळात ठेवून आलो, शहरात कुणी आणलंच नाही.

आणि शहर कसलं, तर बडोदा! भर वस्तीतून नदी वाहते आणि तिच्यात मगरी राहतात, 2024 च्या पुरात त्या सोसायट्यांमध्ये शिरल्या तेव्हा सगळ्या देशानं व्हिडिओ बघितले. मगर हे खोडियार मातेचं वाहन. सयाजीबागेतल्या म्युझियममध्ये इजिप्तची ममी आहे, देवमाशाचा अख्खा सांगाडा आहे. बागेच्या दाराशी सयाजीरावांचा घोड्यावरचा पुतळा, म्हणजे आमचा काळा घोडा उभा. गावाचं नावच वडावरून पडलंय. रायर्डनला एवढं मिळालं असतं तर त्यानं दहा पुस्तकं लिहिली असती.

आमच्या कट्ट्यावरच्या आठवीतल्या एका मुलीनं लिहायला घेतलंय. ग्रीकांत मेलेल्या माणसाच्या तोंडात नाणं ठेवायचे, पाताळाच्या नदीवरच्या नावाड्याचं भाडं म्हणून. हिच्या गोष्टीत काळा घोडा पुलाखाली एक म्हातारी मगर आहे, ती पलीकडे सोडते पण पैसे घेत नाही, तुमचं एक नाव घेते, म्हणजे घरी ज्या लाडाच्या नावानं हाक मारतात ते, मग परत आल्यावर घरचं कुणीच त्या नावानं हाक मारत नाही. मी वाचताना थांबलेच. पाताळात डाळिंबाचे दाणे खाल्ले म्हणून ग्रीकांच्या पर्सेफोनी देवीला दरवर्षी परत जावं लागतं, त्यातला नियम या पोरीला नेमका कळलाय, की पलीकडच्या जगात काहीही फुकट मिळत नाही.

नाहीतर मराठीत अशा गोष्टी करायच्या म्हटलं की लोक झ्यूसच्या जागी इंद्र ठेवतात, वज्राऐवजी लेझर, दोन मारामाऱ्या, झालं. शहर कुठेच नाही, किंमत कुणीच मोजत नाही. शिवाय मोठ्या देवांना हात लावला की भावना दुखावल्याच्या तक्रारी. मला विचाराल तर त्यांना हात लावायची गरजच नाही हो, आपल्याकडे सातीआसरा आहेत, मुंजा आहे, वेताळ आहे, यक्ष, नाग आहेत. ग्रीकांच्या पाणवठ्यावरच्या नायड नावाच्या जलदेवता आणि आपल्या सातीआसरा अगदी बहिणी शोभतील. त्यांच्याकडे झाड तोडलं की त्यातली अप्सरा मरते, मग रस्ता रुंद करताना पिंपळ तोडला तर मुंजानं जायचं कुठे? ही गोष्ट बडोद्यातच घडणार ना, आणि मुलांनाच आधी कळणार.

हे शहर या कामात कधी मागे नव्हतं. सयाजीरावांनी 2 लाख रुपये वेगळे काढून मराठी आणि गुजरातीत पुस्तकं काढवली, सयाजी साहित्यमाला आणि मुलांसाठी बालज्ञानमाला, शिवाय 1910 साली ग्रंथालयं उभी करायला अमेरिकेहून बोर्डन नावाच्या ग्रंथपालांना बोलावलं. बाहेरचं वाचल्यानं आपलं बुडतं असं त्या माणसाला कधी वाटलं नाही.

तर विनंती अशी. तुमच्या रविवारच्या बालपानावर कोडी आणि रंगवायची चित्रं असतात, त्यातली अर्धी जागा द्या. बडोद्यात घडणारी, मराठीतली, क्रमशः गोष्ट, आणि ती शक्यतो मुलांकडूनच लिहून घ्या, मोठ्यांनी फक्त शुद्धलेखन बघावं, शेवट बदलू नये. त्या ज्येष्ठ वाचकांनाही एखाद्या रविवारी कट्ट्यावर यायचं आमंत्रण, त्यांना सातीआसरांच्या ज्या गोष्टी माहीत असतील त्या मुलांना हव्याच आहेत.

मगरीच्या गोष्टीची पहिली चार पानं मुलीच्या आणि तिच्या आईच्या परवानगीनं सोबत जोडलीत. परत पाठवू नका, झेरॉक्स आहे आमच्याकडे. आवडली तर कळवा, पुढचं प्रकरण ती दिवाळीच्या सुट्टीत लिहिणार आहे.

आपली,
एक वाचक, दांडिया बाजार, बडोदा